पासपोर्ट क्रमांक एक

उंची पाच शाकू, म्हणजे जेमतेम पाच फूट. डोळे बारीक, नाक उंच, तोंड साधारण, चेहरा लांबट. वय 37. कागदावर फोटो लावायची पद्धत अजून पडलेली नव्हती, म्हणून कारकुनाने समोरचा माणूस शब्दांत उतरवून घेतला. तोक्योतल्या परराष्ट्र खात्याच्या अभिलेखागारात हा कागद आजही आहे. त्यावरची जपानी तारीख आपल्या कॅलेंडरप्रमाणे 23 नोव्हेंबर 1866 अशी येते. जपानी सरकारने आपल्या प्रजेतल्या माणसाला दिलेला हा पहिला पासपोर्ट.

तो मिळाला सुमिदागावा नामिगोरो या माणसाला. हा वकील नव्हता, व्यापारी नव्हता, तलवार लावणारा सामुराईही नव्हता. जत्रेत, देवळामागच्या मैदानात लोकांसमोर खेळ करून पोट भरणाऱ्यांपैकी तो एक. त्याच्याबरोबर त्याची बायको होती, पोरे होती आणि त्याच्यासारखीच आणखी दोन कुटुंबे होती.

तीनच वर्षांपूर्वी, 1863 मध्ये, पुढे जपानचा पहिला पंतप्रधान झालेला इतो हिरोबुमी चार सोबत्यांसह चोरून इंग्लंडला गेला होता. पकडला गेला असता तर त्याचे डोके जागेवर राहिले नसते. 1630 च्या दशकात शोगुनने, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाने, देशाचे दरवाजे बंद केले तेव्हापासून परदेशी जाणाऱ्याला मृत्युदंड होता, आणि जाऊन परत येणाऱ्यालाही. 1860 साली अमेरिकेला आणि 1862 साली युरोपला शिष्टमंडळे गेली, पण ती सरकारी. सामान्य माणसासाठी दार किलकिले झाले ते 1866 च्या मे महिन्यात. शिक्षणासाठी किंवा व्यापारासाठी परवानगी मागून जाता येईल, असा हुकूम निघाला. बासरी, ढोलकी, शिडी आणि भोवरे घेऊन जाणारे लोक या दारातून सर्वांत आधी बाहेर पडतील, असे हुकूम काढणाऱ्यांच्या मनातही आले नसेल.

एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, असाकुसाच्या कान्नोन मंदिरामागे आणि र्‍योगोकूच्या पुलाजवळ बांबू आणि बोरूच्या चटयांचे मांडव उभे असत. कुठे कोणी पायांवर पिंपे तोलतो आहे, कोणी कागदाच्या फुलपाखरांना पंख्याच्या वाऱ्यावर नाचवतो आहे, कोणी तलवारीच्या धारेवरून फिरता भोवरा चालवतो आहे, असा तो परिसर. मात्सुइ गेन्सुइ हे तिथले पिढीजात नाव. हे घराणे मुळात औषधे आणि दंतमंजन विकणारे. गिऱ्हाईक थांबावे म्हणून भोवरे फिरवायचे, आणि हळूहळू औषधापेक्षा भोवऱ्याचेच नाव मोठे झाले.

घराणे हा शब्द इथे आपल्या गायकीतल्या अर्थाच्या जवळचा आहे. उस्तादाचे आडनाव चेल्याला मिळे. दत्तक घेतलेला पोरगा, भाचा, सांभाळायला आलेला अनाथ, सगळे एकाच नावाखाली वावरत आणि एकाच छपराखाली वाढत. त्यामुळे परदेशी वर्तमानपत्रे ज्यांना ‘वडील’ आणि ‘मुलगा’ म्हणत, त्यांच्यात रक्ताचे नाते असेलच असे नाही. कसरतीला मात्र या नात्याशिवाय गत्यंतर नव्हते. पाय वर करून झोपलेल्या माणसाच्या तळव्यांवर वीस फूट शिडी उभी आहे आणि शिडीच्या टोकाला पोर आहे, हा खेळ दोन अनोळखी माणसांना करून दाखवता येत नाही. त्यासाठी त्या पोराला चालायला लागल्यापासून त्या पायांची सवय हवी.

या लोकांना समाजात मान नव्हता. गर्दी त्यांच्यावर खूश असे आणि अधिकारी त्यांना संशयाने पाहत. 1840 च्या दशकाच्या आरंभी शोगुनच्या सरकारने काटकसरीच्या नावाखाली शहरातल्या करमणुकीवर कडक निर्बंध घातले होते. ते सैल झाले तोवर परदेशी जहाजे येऊन थडकली. 1859 मध्ये योकोहामा बंदर परकी व्यापाराला खुले झाले, आणि रेशीम व चहा बाहेर जाऊ लागला तसे भाव भडकले. 1866 च्या उन्हाळ्यात तांदळाच्या भावावरून एदो आणि ओसाका या दोन्ही शहरांत लोकांनी दुकाने फोडली. घरात भाताची भ्रांत असलेला माणूस भोवऱ्याच्या खेळाला पैसे टाकणार नाही, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. नेमक्या त्याच सुमारास एक पन्नाशी ओलांडलेला अमेरिकन योकोहामात या लोकांच्या मागे लागला होता.

रिचर्ड रिस्ले कार्लाइल हा न्यू जर्सीचा. रंगभूमीवर ‘प्रोफेसर रिस्ले’. आडवे पडून पायांवर माणूस उडवण्याच्या कसरतीला इंग्रजी सर्कशीत आजही त्याचेच नाव आहे. 1840 च्या दशकात आपल्या दोन लहान मुलांना पायांवर चेंडूसारखे झेलून त्याने लंडन आणि युरोपची मोठमोठी नाट्यगृहे भरवली. पण या धंद्याला एक घड्याळ बांधलेले असते. मुले वाढतात, जड होतात, आणि एक दिवस बापाच्या पायांना पेलत नाहीत. रिस्लेचेही तेच झाले. मग त्याने मिसिसिपी नदीचा कापडावर रंगवलेला लांबच लांब देखावा दाखवत फिरून पाहिले. शेवटी एक सर्कस घेऊन ऑस्ट्रेलियाच्या वाटेने तो पूर्वेकडे सरकला आणि 1864 च्या मार्चमध्ये दहा कलावंत व आठ घोडे घेऊन योकोहामाला उतरला.

जपानने पाहिलेली ही पहिली पाश्चात्त्य सर्कस. घोड्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या बायकांनी तिथल्या चित्रकारांना वेड लावले. बाजारात लगोलग रंगीत छापील चित्रे आली. त्यांतल्या एकावर हे कसरतपटू ‘मध्य हिंदुस्थानातून’ आल्याचे छापलेले आहे. दूरच्या कुठल्याही अद्भुत मुलखाला हिंदुस्थान म्हणायची तिथे जुनी चाल होती. आपल्याशी त्या घोड्यांचा काही संबंध नव्हता.

सर्कस लवकरच फुटली, कलावंत पांगले. रिस्ले मात्र योकोहामातच राहिला. त्याने चीनमधल्या तिएन्त्सिनहून बर्फ आणून विकला. सॅन फ्रान्सिस्कोहून गाई आणल्या आणि परदेशी वस्तीला दूध पुरवले. या उद्योगांतून हाती फार लागले असे दिसत नाही. पण रिकाम्या वेळी तो जपानी मांडवांत जाऊन बसे, आणि तिथे त्याला स्वतःचीच कला दिसली. फरक एवढाच की ज्या कसरतीचा शोध आपण लावला असे त्याला वाटत होते, ती इथे कित्येक पिढ्या चालली होती आणि त्याच्याहून कितीतरी नाजूक होती. ही माणसे पायाने नुसते फेकत नव्हती, तोलत होती. शिवाय सोबत शामिसेन हे तंतुवाद्य आणि ढोल होते, आणि प्रत्येक खेळाआधी गंभीर चेहऱ्याने प्रेक्षकांना भाषण ठोकणारा एक निवेदक होता.

बाहेर जायचा हुकूम निघताच रिस्लेने योकोहामात राहणाऱ्या एडवर्ड बँक्स या दुभाष्या अमेरिकनाच्या मदतीने मंडळी जमवली. पायांवर तोलणारा हामाइकारी सादाकिची आणि त्याची पोरे. नामिगोरो, त्याची बायको कोमान आणि त्यांचे कुटुंब. भोवरेवाला मात्सुइ किकुजिरो आणि त्याची लहान मुलगी त्सुने. सगळी मिळून 18 माणसे, तीन घराणी. करार दोन वर्षांचा. या कंपनीचे नाव पडले ‘शाही जपानी मंडळी’. सम्राटाला तिची गंधवार्ता नव्हती, पण जाहिरातीपुढे सम्राटाचे काय चालते!

मंडळींची देखरेख करायला ताकानो हिरोहाची नावाचा माणूस नेमला होता. हा फुकुशिमाकडच्या ईनो गावचा, 1822 चा जन्म. स्वतः कसरतपटू नाही. हिशेब ठेवणे, भांडणे मिटवणे, पोरांना सांभाळणे हे त्याचे काम. त्याने आणखी एक गोष्ट केली, तिच्यामुळेच ही हकीकत आपल्याला सांगता येते. त्याने रोजनिशी लिहिली. ती फार साहित्यिक नाही. कुठे उतरलो, किती गर्दी झाली, काय पाहिले, किती पैसे गेले, एवढेच. वेश्यावस्तीतली रात्र आणि शहरातल्या इमारतींची उंची तो एकाच सुरात लिहितो. राजदूतांच्या दैनंदिन्यांत जे हटकून गाळलेले असते, ते इथे सापडते. पुढे ती त्याच्या गावी मिळाली, आणि 1984 मध्ये कादंबरीकार यासुओका शोतारो याने तिच्यावरून ‘दाइसेइकिमात्सु साकासू’ हे मोठे पुस्तक लिहिले. बायकांनी आणि पोरांनी मात्र काही लिहून ठेवले नाही. कोमानला बोटीवर काय वाटले, हे हिरोहाचीच्या पुरुषी नजरेतून जेवढे गळून येते तेवढेच.

5 डिसेंबर 1866 रोजी ‘आर्चिबाल्ड’ हे जहाज योकोहामाहून निघाले, आणि नवे वर्ष उजाडता उजाडता सॅन फ्रान्सिस्कोला लागले. तिथे पाहतात तो आणखी एक जपानी मंडळी त्यांच्या थोडे आधी येऊन पोहोचलेली! तेत्सुवारी घराण्याचे लोक दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीने आणले होते. मात्सुइ गेन्सुइची मंडळी तिसऱ्याच ठेकेदाराबरोबर थेट लंडनच्या वाटेवर होती. योकोहामातल्या गोऱ्यांना एकाच मोसमात एकच कल्पना सुचली होती, आणि आपलीच मंडळी अस्सल असे जो तो ओरडून सांगत होता.

सॅन फ्रान्सिस्कोत थॉमस मॅग्वायर या नाट्यगृहवाल्याने रिस्लेच्या मंडळींना आपल्या रंगमंचावर आणले. पहिल्याच दिवसांत प्रेक्षकांनी आपला लाडका ठरवून टाकला. सादाकिचीच्या घरातला दहा-बारा वर्षांचा उमेकिची. सादाकिची आडवा पडून पायांवर शिडी तोलत असे, उमेकिची टोकाशी चढत असे आणि तिथून बाजूला निघालेल्या आडव्या फांदीवर अंतराळात लटकत असे. दुसऱ्या खेळात लाकडी पिंपांची उतरंड पायांवर रचली जाई आणि वर तो. खालचा आधार एका झटक्यात निघे आणि तो होता तिथेच. खेळ संपला की तो हात पसरून इंग्रजीत ओरडे, ‘ऑल राइट!’ त्याला येणारे इंग्रजी बहुधा एवढेच असावे. पण श्वास रोखून बसलेल्या प्रेक्षकांसाठी ती सुटकेची शिट्टी होती. वर्तमानपत्रांनी त्याचे खरे नाव सोडून दिले आणि तो ‘लिट्ल ऑल राइट’ झाला. मंडळींची अर्धी कमाई त्या एका हाकेवर होती म्हटले तरी चालेल.

किकुजिरोच्या भोवऱ्यांना टाळ्या कमी पडत नव्हत्या. दोरीवरून चढणारा, तलवारीच्या धारेवरून टोकापर्यंत जाऊन परतणारा भोवरा. त्या काळच्या अमेरिकन सर्कशीतल्या घोड्यांच्या टापा, बँड आणि आरडाओरड यांच्यापुढे हे खेळ शांत आणि सावकाश होते. मला वाटते, लोकांना भुरळ पडली ती नुसत्या परकेपणाची नव्हे. किमोनोतली माणसे पाहायला एकदा येता येते. लोक पुन्हा पुन्हा येत होते. पिढ्यांची मेहनत कुठल्याही भाषेच्या माणसाला कळते.

सॅन फ्रान्सिस्कोहून पूर्वेला जायचे तर पनामाची संयोगभूमी ओलांडून समुद्रमार्गे. अमेरिका आडवी कापणारी रेल्वे 1869 पर्यंत पुरी झाली नव्हती. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, मोठाली नाट्यगृहे. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये त्यांना भेट दिली. आपल्या देशात साध्या अंमलदारापुढे कपाळ टेकणारी ही माणसे अमेरिकेच्या अध्यक्षापुढे उभी राहिली. जॉन्सन त्या काळात काँग्रेसशी भांडण्यात गुंतले होते. कसरतपटू पाहून त्यांनाही घटकाभर बरे वाटले असावे.

पडद्याआड सगळे आलबेल नव्हते. पैशांवरून रिस्ले आणि मॅग्वायर यांच्यात तंटे सुरू झाले होते. कलावंतांचा करार गोऱ्या मालकांशी, वाटाघाटी इंग्रजीत, आणि त्यांचा शब्द पोहोचवणारा दुभाषी मालकांच्याच बाजूचा. आपण किती कमावून देतो आहोत, हे गर्दीवरून त्यांना दिसत होते. हातात किती पडते आहे, हेही दिसत होते.

1867 च्या उन्हाळ्यात मंडळी युरोपला गेली. पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते आणि जपान प्रथमच तिथे अधिकृतपणे आला होता. शोगुनचा किशोरवयीन भाऊ तोकुगावा आकिताके लवाजम्यासह पॅरिसमध्ये होता. त्या लवाजम्यात पुढे जपानी उद्योगांचा जनक म्हणून गाजलेला शिबुसावा एइइची हिशेब पाहत होता. राजपुत्र जपानी खेळ पाहायला गेला. एदोत ज्यांच्या मांडवाकडे थोरामोठ्यांनी उघडपणे फिरकू नये, त्यांना पॅरिसमध्ये टाळ्या पडताना पाहून त्या दरबारी मंडळींना अभिमान वाटला की संकोच, हे ठरवणे अवघड आहे. बहुधा दोन्ही. जपान देश म्हणून कसा दिसतो, हे त्या वर्षी युरोपच्या सामान्य माणसाला कळले ते प्रदर्शनातल्या लाखेच्या पेट्यांवरून आणि या कसरतपटूंवरून. दूतांचे निवेदन किती जणांनी वाचले असेल?

पॅरिसनंतर लंडन, मग युरोपभर भटकंती. 1868 च्या सप्टेंबरात स्पेनमध्ये क्रांती झाली आणि राणी इसाबेला पळून गेली. त्या धामधुमीच्या देशातही ही मंडळी होती. परक्या देशाची क्रांती पाहत असताना आपल्या देशात काय चालले आहे हे त्यांना तुटक तुटकच कळत असणार. 1867 च्या अखेरीस शोगुनने सत्ता सोडली होती. 1868 मध्ये यादवी युद्ध झाले, आणि त्यातल्या सर्वांत कडवट लढाया हिरोहाचीच्या फुकुशिमा भागात झाल्या. त्याच वर्षी एदोचे तोक्यो झाले.

दोन वर्षांची मुदत संपत आली तशी मंडळीही फुटली. काहींनी परदेशातच राहून आणखी कमवायचे ठरवले. हिरोहाची आणि इतर काही जण 1869 मध्ये योकोहामाला परतले. ज्या सरकारने त्यांना पासपोर्ट दिला होता ते आता नव्हते. हिरोहाची पुढे 1890 मध्ये वारला. रिस्लेचा शेवट 1874 मध्ये फिलाडेल्फियात, वेड्यांच्या इस्पितळात झाला.

यातून पुढे काय झाले, ते पाहायला वर्तमानपत्रांतल्या जाहिराती पुरतात. 1870 नंतर अमेरिका आणि युरोपातल्या मोठ्या सर्कशींना ‘जपानी कुटुंब’ हा खेळ असावाच लागे. करार एकट्या कलावंताशी होत नसे, कुटुंबाशी होई. कारण खेळ कुटुंबाचा होता आणि कुटुंबातले मूल हेच त्याचे आकर्षण होते. त्या मुलाच्या हाडामांसाचा, पडण्याचा, वाढण्याचा विचार करारात नसे. रिस्लेने स्वतःच्या मुलांच्या बाबतीत जो शेवट पाहिला होता, तो या पोरांनाही चुकणारा नव्हता. मग घराणी काय करत? नवे पोर दत्तक घेत आणि खेळ चालू ठेवत. एदोची जुनी पद्धत परदेशी कराराच्या सोयीला अगदी तंतोतंत उतरली. तिच्यामुळे ही कुटुंबे टिकली, आणि तिच्यामुळेच मुलांची आयात-निर्यात सुलभ झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जपानच्या अधिकृत इतिहासाने या लोकांना फार काळ बाजूला ठेवले. 1871 मध्ये पाश्चात्त्य देशांच्या दौऱ्यावर निघालेल्या सरकारी इवाकुरा शिष्टमंडळावर कपाटे भरतील इतके लिहिले गेले. नव्या जपानला कारखाने, आरमार आणि राज्यघटना दाखवायच्या होत्या; पायांवर पिंपे तोलणारी माणसे त्या चित्रात बसत नव्हती.

या गोष्टीचा एक धागा मात्र आपल्या अंगणात येतो. जुझेप्पे किआरिनी हा इटालियन सर्कसवाला 1880 च्या आसपास मुंबईत आला. त्याचे खेळ पाहून कुरुंदवाडच्या संस्थानात घोडे शिकवणारे विष्णुपंत छत्रे पेटून उठले आणि ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. भाऊ काशिनाथपंत त्यात होते. म्हणजे इथेही कुटुंबच. हाच किआरिनी 1886 मध्ये जपानला गेला, मेइजी सम्राटाने त्याचा खेळ पाहिला, आणि पुढे त्याच्याच नावावरून ‘निप्पोन चारिने’ नावाची देशी सर्कस निघाली. पण दोन देशांतला क्रम उलटा आहे. जपानची घराणी आधी परक्याच्या करारावर जग फिरली आणि देशी मालकाची सर्कस नंतर आली. आपल्याकडे मालक आधी तयार झाला. कलावंतांचा मोठा पुरवठा नंतर केरळमधल्या तलश्शेरीहून होऊ लागला, कीलेरी कुन्हीकण्णन यांच्या तालमीतून. छत्रे तंबू घेऊन तिथे गेले होते, त्याचे हे फळ. कोल्हाटी आणि डोंबारी यांच्यासारख्या पिढीजात कसरत करणाऱ्यांच्या हाती मात्र या नव्या तंबूची मालकी आली नाही.

उमेकिची केव्हाच मोठा झाला होता, तरी सर्कशीच्या जाहिरातींत ‘लिट्ल ऑल राइट’ पुढेही झळकत राहिला. हे नाव कोणाच्या मालकीचे नव्हते. ज्या ठेकेदाराच्या हाती एखादा चपळ जपानी पोर लागे, तो खुशाल त्याला तेच नाव देई.